न चाखलेलं पाणी

त्रेचाळिसाव्या फेरीला गिरीअण्णा मला कट्ट्याच्या पश्चिमेला वाकलेले दिसले आणि माझी मोजणी चुकली. बारा वर्षांत ती कधी चुकली नव्हती. पाऊस असो, बंद असो, कंबर धरलेली असो, पिंपळाच्या एकशे आठ फेऱ्या मी बोटांच्या पेरांवर मोजत आले, आणि त्या दिवशी पेरावर टेकलेला अंगठा तिथेच राहिला. त्यांच्या हातात निळा प्लास्टिकचा कॅन होता. ज्या माणसाने देवळात प्लास्टिकची पिशवीसुद्धा आणू नका म्हणून पाटी लावली, त्याच्याच हातात. कॅनचं तोंड मुळाशी टेकलेलं, आणि आतून डबडब असं काहीतरी बाहेर पडत होतं. पहाटेचे साडेपाच झाले असतील. देवळामागच्या दिव्याचा उजेड कट्ट्याच्या त्या बाजूला नीट पोचत नाही. जे पडत होतं ते पाण्यासारखं पातळ होतं, एवढंच मला कळलं. मला बघताच ते सरळ झाले आणि कॅन पायामागे गेला. "अक्का," ते म्हणाले, "कुणाला सांगू नका हं. समितीत तर नकोच नको." मी काही विचारलं नाही. विचारूच शकत नव्हते, माझं मौन होतं.

उठल्यापासून एकशे आठवी फेरी पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. संग्राम डेंग्यूने पंधरा दिवस पडला होता, तेव्हा अंबाभवानीसमोर बोलले होते की पोरगं उठून बसू दे, सकाळचं माझं पहिलं बोलणं पिंपळाला दिल्याशिवाय कुणाला देणार नाही. पोरगं उठलं, शिकलं, लग्न झालं, आता एचएसआर लेआउटमध्ये दहाव्या मजल्यावर राहतं. माझा नेम तसाच राहिला. आमचे हे म्हणतात, "देवीने तिचं काम संपवलं, तू अजून हप्ते भरतेस." असू दे. नेम सुटला की माणसाला दिवस कुठून धरावा ते कळत नाही. पण त्या पहाटे उरलेल्या फेऱ्या मी कितीतरी जास्त घातल्या, शंभर की दीडशे कोण जाणे, आणि प्रत्येक फेरीत त्या ओल्या डागापाशी आले की पाऊल जड व्हायचं. शनिवार नव्हता म्हणून झाडाला शिवता येत नव्हतं. लांबूनच वाकून वास घेतला. ओल्या मातीचा वास. दुसरं काही नाही. आणि मला आठवतंय, मी मनात म्हटलं, ज्याला वास नसतो तेच जास्त वाईट.

गिरीअण्णा म्हणजे गिरीराज, आमच्या समाजाच्या देवळाचे कार्यवाह आणि तीन वर्षांपूर्वी निघालेल्या हरित समितीचे सर्वेसर्वा. आमची घरं बेंगळूरात कितव्या पिढीपासून आहेत ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि देवळात दोन्ही. अशा देवळात अचानक "कार्बन" हा शब्द आरतीनंतर ऐकू यायला लागला तेव्हा बायका एकमेकींकडे बघायच्या. गिरीअण्णा गाभाऱ्याच्या पायरीवर उभे राहून सांगायचे की पृथ्वी तापते आहे, कावेरीत पाणी कमी येतंय, आपला धर्म झाडाला देव मानतो तर आपणच पुढे व्हायला पाहिजे. सांगायचे चांगलं. महाप्रसादाच्या पत्रावळी गेल्या, स्टीलची ताटं आली. निर्माल्याचा खड्डा आला. उत्सवातले फटाके गेले. मालनबाई माझ्या कानाला लागून म्हणाली होती, "आता देवीला पंखा पण बंद करतील बघ, बिल वाचवायला." मी हसले नाही. मला पटलं होतं ते सगळं. माझ्यासारख्या बाईला नवा नेम मिळाला की बरं वाटतं. पण पटण्याच्या तळाशी एक खडा असायचा. देवाच्या कामात इतकी हुशारी कशाला, असा. हुशार माणसाला भक्तीत काहीतरी वेगळंच हवं असतं, हे मला कुणी शिकवलं माहीत नाही, पण मी ते लहानपणापासून धरून बसले आहे.

दोन हजार चोवीसचा तो उन्हाळा. बोअर आटल्या, टँकरवाले फोन उचलेनात, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर दंड. तेव्हा गिरीअण्णांनी ठराव आणला. देवीला अभिषेक एका तांब्याचा. कट्ट्याला देवळाच्या बोअरचं पाणी पूर्ण बंद, एक थेंब नाही. पिंपळाला ज्याने त्याने घरून आणायचं, तेही वाया जाणारं. "डाळ-तांदूळ धुतलेलं आणा, फिल्टरमधून बाहेर पडतं ते आणा," ते म्हणाले, "पण नळाचं ताजं भरून आणू नका. देव ताज्याला भुकेला नाही." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. घरी येऊन विचार करत बसले. तांदूळ धुतलेलं पाणी म्हणजे खरकट्यातलंच, ते अश्वत्थाला कसं घालायचं? मग मागच्या पडवीतलं मशीन आठवलं. आमच्या बोअरचं पाणी जड, अंगाला साबण लागत नाही, भांड्यांवर पांढरं बसतं, म्हणून संग्रामने ते उंच निळं मशीन बसवून दिलं होतं. दर तीन दिवसांनी ते आपोआप गुरगुरतं आणि एका नळीतून बदाबदा पाणी गटारात सोडतं. स्वच्छ, काचेसारखं. कुणी न शिवलेलं, न उष्टावलेलं. याहून सोवळं पाणी कुठे मिळणार? मी त्या नळीखाली पिंप ठेवलं. रोज पहाटे हे झोपलेले असताना दोन बिंदग्या, म्हणजे कळश्याच, भरायच्या, एक कडेवर आणि एक हातात, आणि गल्ली ओलांडून कट्ट्यावर. उन्हाळा संपला, पाऊस झाला, बाकीच्या बायकांचं हळूहळू सुटलं. ठराव मात्र कुणी मागे घेतला नव्हता, आणि मी माझं चालू ठेवलं. वर्षभर. वर्षभरात एकदाही खाडा नाही.

आणि या वर्षी पिंपळाची पालवी जळकी आली. माघ-फाल्गुनात जुनी पानं गळतात, मग तांब्याच्या रंगाची कोवळी पानं फुटतात, वाऱ्यावर ती नुकत्याच अंघोळ केलेल्या पोरांसारखी चमकतात. या वर्षी ती फुटली तीच कडांनी तपकिरी, कुणी उदबत्तीने भोवतीभोवती डागल्यासारखी. मुळाशी पांढुरकं काहीतरी फुललेलं. मला वाटलं कुणी भस्म टाकलं असेल. झाड आजारी आहे हे आधी मला कळलं, कारण रोज एकशे आठ वेळा कोण बघतं त्याच्याकडे? आणि त्याच आठवड्यात तो निळा कॅन. "कुणाला सांगू नका." फेऱ्या घालताना मला गेल्या दिवाळीची बैठक आठवली. देवळाच्या हॉलच्या छतावर सोलर पॅनेल बसवायचे होते. गिरीअण्णांनी कागदावर चौकोन काढून आणले होते, आणि ते बोलून गेले होते, "पश्चिमेची फांदी सावली टाकते. ती स्वल्प छाटली तर आणखी दहा पॅनेल बसतील." अध्यक्ष विठोजीराव गरजले होते, "अश्वत्थाला कुऱ्हाड लावणार? आमच्या हयातीत नाही!" तेव्हा गिरीअण्णा "सरी, सरी" म्हणत खाली बसले होते. किती सहज खाली बसले होते. आता वाटायला लागलं की सहज खाली बसणारा माणूस दुसरी वाट शोधून ठेवूनच बसतो. मोठ्या रस्त्यांवर जाहिरातीच्या फलकाआड झाड आलं की खोडाला भोक पाडून आत अॅसिड ओततात, हे पेपरात येतच असतं. पश्चिमेचीच फांदी. आणि कॅन पश्चिमेलाच होता. मी देवीसमोर बसून जप करायचे आणि माळेच्या मण्यांतून हे एकेक सुटून बोटाखाली यायचं.

आठ दिवस मी गप्प राहिले. मला वाटलं, हे माझं तप आहे. तप कसलं, मी ते घोळवत होते, लिमलेटची गोळी गालात धरावी तसं. गिरीअण्णा देवळात दिसले की त्यांच्या हातांकडे बघायचे. नखांत काही आहे का. एकदा त्यांनी मला प्रसादाचा शिरा दिला तो मी पदरात बांधून आणला आणि खाल्ला नाही. एकदा पुन्हा पहाटे कॅन दिसला, यावेळी रिकामा, निर्माल्याच्या खड्ड्यामागे उलटा लपवलेला. देवळात प्लास्टिक लपवणारा हा पहिला माणूस, असं मनात आलं आणि मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मालनबाईकडे विरजण मागायला गेले, आणि विरजण मागताना तितक्याच हळू आवाजात सांगितलं. मी कधी कुणाबद्दल बोलत नाही. मोठ्याने तर नाहीच. म्हणूनच मालनबाईच्या हातातला चमचा थांबला. "तू बघितलंस? तू स्वतः?" मी म्हटलं, "देव साक्षी आहे, मी काही म्हणत नाही. बघितलं एवढं सांगते." ती म्हणाली, "कृष्णक्का सांगते म्हणजे खरंच असणार बाई. दुसरी कुणी असती तर मी धरलं नसतं." मी विरजण घेऊन घरी आले. वाटीवर झाकण ठेवलं होतं तरी माझ्या हातावर थोडं सांडलं होतं, आंबट वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मग ते आपोआप चालू लागलं. देवाप्पा म्हणून आमच्यातले एक शेती खात्यातून निवृत्त झालेले, ते एक दिवस खुरपं घेऊन आले, कट्ट्यातली माती फडक्यात बांधून ओळखीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. कट्टा सगळा फरशीने बांधलेला, मुळाभोवती परातीएवढीच माती मोकळी, बाकी पाणी जायला वाट नाही. चार दिवसांनी आरतीनंतर त्यांनी कागद वाचला. आकडे कुणाला कळले नाहीत. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "मीठ आहे. खूप मीठ. झाडाला कुणीतरी मीठ पाजलंय."  कुणीही गिरीअण्णांकडे बघितलं नाही, सगळेजण इतक्या जपून त्यांच्याकडे न बघता उभे होते की त्यांना ते कळलंच असणार. माझ्या छातीत मात्र काहीतरी बसलं, जड आणि गरम, भाकरी तव्यावर टाकावी तसं. मी चुकले नव्हते.

चैत्र आला. गिरीअण्णांच्या बायकोचं, चंदनाचं हळदीकुंकू दरवर्षी मोठं असतं. तिच्या हातची कोसंबरी आणि कैरीचं पन्हं याची बायका वाट बघतात. त्या दिवशी संध्याकाळी मी नवी चोळी घालून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्यांच्या दारात रांगोळी होती, आतून फोडणीचा वास येत होता, आणि चपलांच्या जागी एकही चप्पल नव्हती. चंदना दोनदा बाहेर येऊन गेली. पहिल्यांदा रस्ता बघितला. दुसऱ्यांदा रांगोळीतलं एक फूल सरळ केलं, जे सरळच होतं. मी विजेच्या खांबाआड उभी. पाऊल पुढे पडेना. वाटलं, ही पण सामील असेल का? बाईला सगळं माहीत असतं. मग वाटलं, माहीत नसेल तर? आणि मग, माझीच मला लाज वाटण्याआधी, मी वळले. घरी यांनी विचारलं, "इतक्यात आलीस?" मी म्हटलं, "गर्दी होती."

बैठकीत ठरलं की गिरीअण्णांनी देवीसमोर भंडारा उचलायचा. आमच्यात अजून ते चालतं. पोलीस नको, पंच नको, तळहातावर देवीचा भंडारा घेऊन माणूस जे बोलेल ते खरं. मंगळवारी संध्याकाळी आरतीनंतर. काय बोलायचं तेही विठोजीरावांनी ठरवून दिलं: "कट्ट्यात मी काहीही ओतलेलं नाही." गिरीअण्णा म्हणाले होते, "मीठ ओतलं नाही असं म्हणत भंडारा आत्ता उचलतो." तर मालनबाई मागून म्हणाली, "मीठच का? 'काहीही' म्हणायला जड जातंय का अण्णा?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या नजरेत त्यांना काय दिसलं कोण जाणे. मी मंगळवारचा निरंकार उपास धरला. खरं बाहेर येऊ दे म्हणून. कुठलं खरं ते ठरवूनच ठेवलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी, पोटात काही नाही, डोकं हलकं झालेलं, मी मागच्या पडवीत वाळवण काढायला गेले. हे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून कुठल्या ना कुठल्या यंत्राशी खेळत असतात. मशीनचं झाकण उघडून ते उकिडवे बसले होते आणि गोणी फोडत होते. पांढऱ्या जाड गोळ्या आत पडत होत्या, खडखडखड. मी दारात थांबले. गोणी मी पूर्वी पाहिली होती, महिन्या-दीड महिन्याने येते, हे तिला "मशीनच्या गोळ्या" म्हणतात, मला वाटायचं काहीतरी औषध असेल. पण उपासाने नजर तिखट होते की काय, त्या दिवशी गोणीच्या फाटक्या कडेला चिकटलेली भुकटी दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, "मीठ आहे ते?"

"मग काय साखर?" हे म्हणाले.

खरं सांगते, माझा पहिला संशय त्यांच्यावर गेला. माझ्या नवऱ्यावर, बत्तीस वर्षांच्या संसारानंतर. गिरीअण्णा आणि हे एका वर्गातले. संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा मारतात. गोणी आमच्या घरातून जात असेल, निळ्या कॅनमधून, आणि मला अंथरुणावर कळत नसेल. मी म्हटलं, "घरात इतकं मीठ कशाला?"

"अगं, मशीनला लागतं. जड पाणी गोड करतं ना, मग त्याच्या आत घाण साठते. मिठाने धुतं स्वतःला आणि सगळं खारं बाहेर फेकून देतं."

"कुठे फेकतं?"

"कुठे म्हणजे? गटारात जायचं. आता तुझ्या त्या पिंपात." त्यांनी हात झटकले. "अंगण धुतेस ना त्याने? चांगलं आहे की, मुंग्या येत नसतील."

 ते आत गेले, पंखा लागल्याचा आवाज आला. पिंप तिथेच, नळीखाली, वर स्वच्छ पातेल्याचं झाकण, झाकणावर मीच काढलेलं कुंकवाचं बोट. बारा महिने हे पाणी मी कडेवरून नेलं. हिंदकळून पदर भिजायचा, वाळला की कडक व्हायचा, मला वाटायचं खळ. एकदाही जिभेला लावलं नाही. कसं लावणार? देवाला द्यायचं ते आधी चाखत नाहीत. नैवेद्याच्या भाजीत मीठ आहे की नाही हे मी कधी बघितलं नाही, आईने मारलं असतं. ताटात वाढलं की त्याचं त्याला कळेल. मी बोट बुडवलं. पाण्याचा स्पर्श किंचित घसरता होता. उपासाच्या दिवशी, न चाखायचं ते, मी जिभेला लावलं, आणि तोंड आक्रसलं. खारट नव्हे, कडू. खारटपणाच्या पलीकडे जाऊन कडू झालेलं. मी पडवीच्या पायरीवर बसले. गल्लीत भाजीवाला "सोप्पू, सोप्पू" ओरडत होता आणि मला वाटत होतं की हा मेथीची जुडी घेऊन नेहमीसारखा दारात आला तर मी त्याच्याकडे कसं बघू. रोज दोन बिंदग्या. सोवळ्याने. मनात मंत्र म्हणत. मग लगेच दुसरा विचार आला, आणि तो आला याची मला अजून भीती वाटते: कुणाला कळणार आहे? पिंप उलटं केलं की झालं. गिरीअण्णा काहीतरी ओतत होतेच ना. तेही खोटं नाही. मी मौनातली बाई. न बोलणं मला जमतं.

संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. विठोजीरावांच्या हातात पितळी ताट, ताटात भंडाऱ्याचा पिवळा ढीग. गिरीअण्णा समोर उभे, इस्त्रीचा सदरा. चंदना खांबापाशी एकटी, तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. "उचला," विठोजीराव म्हणाले. गिरीअण्णांचा हात पुढे आला आणि ताटावर तसाच थांबला. "मी ओतलं आहे," ते म्हणाले. कुणीतरी श्वास ओढला. "पाणी ओतलं. आपल्या बोअरचं. झाड सुकताना दिसत होतं, मला राहवलं नाही. ठराव माझाच होता, मीच मोडला. म्हणून पहाटे, म्हणून लपून."

"आता पाणी झालं होय!" मालनबाई म्हणाली, आणि हसण्याची एक लाट बायकांमधून गेली, फार मोठी नाही, पण मला ती कानाच्या पाळीवर लागली. मला कळत होतं की हा माणूस खरं बोलतोय, आणि एवढ्या माणसांत ते फक्त मला कळत होतं.

"मी घातलं मीठ," मी म्हटलं. माझा आवाज पोचला नाही. पुन्हा म्हटलं. मग पुन्हा, इतक्या मोठ्याने की माझाच मला ओळखू आला नाही. मशीन, पिंप, बिंदग्या, जसं जमेल तसं सांगितलं. थांबले तेव्हा मालनबाईने माझा हात धरला, तिचे डोळे भरले होते. "अय्यो, कृष्णक्का! बघा, बाईचं मन बघा! दुसऱ्याचं पाप स्वतःवर ओढून घेते." मागची एक सून पुढे येऊन माझ्या पाया पडायला वाकली. विठोजीराव मायेने म्हणाले, "बसा अक्का, उपास आहे तुमचा." मी एकीकडून दुसरीकडे बघत होते. सगळ्यांच्या डोळ्यांत दया. कुणाच्याही डोळ्यांत विश्वास नाही. दीड महिन्यापूर्वी कानात कुजबुजलेलं खरं मानलं होतं या माणसांनी, आणि आता ओरडून सांगितलेलं खोटं पडत होतं. मी पुढे झाले आणि ताटातला भंडारा उचलला. मूठ गच्च भरून. "ह्या हाताने वर्षभर खारं पाणी घातलंय," मी म्हटलं. "अण्णांनी नाही. मी."

भंडारा बोटांतून सांडत होता. मालनबाईने धरलेला माझा दुसरा हात कधी सोडला मला कळलं नाही. वाकलेली सून तशीच उठून मागे सरकली. देवाप्पा पहिल्यांदा बोलले, "सॉफ्टनरचं पाणी? हौदु, बरोबर आहे, तेवढं मीठ त्यातूनच येणार." आणि लगेच मागून मालनबाईचा आवाज, आता वेगळा, "पण तुला सांगितलं कुणी ते घालायला? असं आपोआप सुचतं का?" कुणी म्हणालं, पोराने बसवलंय ना मशीन. कुणी म्हणालं, भावजी तर गिरीअण्णांच्याच वर्गातले. मी ऐकत होते. ते माझ्यापासून सुटून पुन्हा चालायला लागलं होतं. गिरीअण्णा माझ्यासमोर आले. मला वाटलं, ते म्हणतील, असू दे अक्का. ते म्हणाले, "सहा आठवडे. माझ्या घरी हळदीकुंकवाला एक बाई आली नाही. चंदनाने पन्हं मोरीत ओतलं." मी म्हटलं, "मी खांबापर्यंत आले होते." ते म्हणाले, "माहीत आहे. तिने बघितलं होतं."

देवाप्पांनी उपाय सांगितला. कट्ट्याची फरशी फोडायची, माती मोकळी करायची, आणि गोड पाण्याने मीठ खाली धुऊन काढायचं, भरपूर, दिवसेंदिवस. आणि वर्षभर कुणीही झाडाला काही घालायचं नाही. दूध नाही, तेल नाही, हळद-कुंकू नाही, तांब्याभर पाणीसुद्धा नाही. वाचलं तर वाचलं. "तुम्ही तर मुळीच नाही अक्का," ते म्हणाले. वाईट मनाने नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. रिकाम्या हातांनी गेले. कडेला ओझं नसलं की चाल तिरकी होते, हे वर्षभराने कळलं. कट्ट्याची फरशी रात्रीतच एका बाजूने उखडलेली, भोवती दोरी बांधलेली, फेरी घालायला वाट नाही. गिरीअण्णा एकटेच होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. हॉलखालच्या टाकीतून पंप लावून आणलेला जाड पाईप त्यांनी मुळाशी धरला होता. त्यांनी मला बघितलं आणि पुन्हा पाण्याकडे बघितलं. मी दोरीपाशी उभी राहिले. वर ती जळक्या कडांची पानं, त्यांच्यात कुठे हिरवं उरलंय का शोधत होते. मन म्हणत होतं, नमस्कार कर आणि जा. पण पाईपाच्या तोंडातून येणारं ते पाणी, काचेसारखं, माझ्या पिंपातल्यासारखंच दिसत होतं. अगदी तसंच. हॉलच्या टाकीत काय आहे कुणी बघितलंय? टाकी कधी धुतली? आणि अण्णांना माझा राग आहे, झाड मेलं तर नाव आता माझंच लागणार आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा सूर्य उगवायच्या आत माझं तोंड उघडलं.

"अण्णा, हे कुठलं पाणी?"

ते थांबले. "पावसाचं," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये दोनदा झाला ना, तेव्हाचं. छतावरून उतरवलेलं."

मी दोरीखालून वाकून आत गेले आणि ओंजळ पुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, राग म्हणावा तर राग नाही. त्यांनी पाईप वळवला. पाणी ओंजळीत पडलं, बोटांतून वाहिलं, कोपरापर्यंत गार गेलं. मी चाखलं. गोड होतं. पावसाच्या पाण्याला जशी कसलीच चव नसते तसं गोड. ते पाईप पुन्हा मुळाशी नेणार तेवढ्यात मी दुसऱ्यांदा ओंजळ धरली.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि पाणी सोडत राहिले.